दहा मिनिटांचा बिल्ला

मुकुंदराव लघाटे आमच्या कंपनीच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. बोट कापून घेतलेला माणूस आला तरी पट्टी बांधता बांधता ते विचारायचे, "पोट साफ होतं का?" पहिल्यांदा मला विचारलं तेव्हा माझ्या अंगठ्यातून रक्ताची धार लागली होती. मी चिडून म्हणालो, "साहेब, अंगठ्याचा आन् त्याचा काय संबंध?"

"काही नाही," ते म्हणाले. "अंगठा आठ दिवसांत बरा होईल. ते दुखणं मात्र तुम्ही जन्मभर बाळगाल आणि कुणाला सांगणार नाही. म्हणून मीच विचारतो."

मी शॉपमध्ये परत आलो आणि त्यांचं नाव 'पोटसाफ' पाडलं. ते त्यांना शेवटपर्यंत चिकटलं. मी मारुतराव. तेव्हा हॅमर शॉपमध्ये होतो, पुढे युनियनचा सेक्रेटरी झालो. नावं ठेवण्यात पहिल्यापासून हुशार. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे या गोष्टीत मी काही फार चांगला दिसणार नाही आणि ते लपवायची माझी इच्छा नाही.

लघाटे आले ते सहासष्ट साली. पिंपरीच्या माळावर तेव्हा दर सहा महिन्यांनी एक नवी कंपनी उभी राहत होती, आणि साताऱ्यापासून बीडपर्यंतची माणसं वळकटी घेऊन उतरत होती. आमच्या कंपनीत ट्रकचे लोखंडी भाग घडवायचे. लाल तापलेला तुकडा सांडशीत धरायचा आणि वरून हातोडा पडायचा. तो हातोडा एका खोलीएवढा. लघाटे चिंचवडगावात राहायचे, पँटच्या पायाला क्लिप लावून सायकलवर यायचे. डॉक्टर आठवड्यातून दोनदा तासभर येऊन सह्या करून जायचे. बाकी दवाखाना म्हणजे लघाटेच.

पहिल्याच वर्षी त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याकडे खोकल्याच्या औषधापेक्षा जुलाबाचं औषध जास्त खपतं. पाचशे माणसांत आठवड्याला साठ बाटल्या. एक दिवस त्यांनी बाटली भरणंच बंद केलं. मी औषध आणायला गेलो तर म्हणाले, "देणार नाही. आज दिलं तर परवा परत याल. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. डब्यात काय आणता ते सांगा."

"पोळी आणि बटाट्याची भाजी."

"गावाकडं काय खायचात?"

"भाकरी."

"मग ती का सोडलीत?"

आता याला काय सांगायचं? भाकरी सोडली कारण आम्ही पिंपरीला आलो होतो. गावात गव्हाची पोळी सणाला व्हायची. पगार सुरू झाला तसं पहिल्यांदा काय केलं असेल तर बायकोला सांगितलं, उद्यापासून डब्यात पोळीच पाहिजे. पीठ इतकं बारीक चाळायचं की कोंड्याचा कण राहता कामा नये, कोंडा म्हशीचा. कुणी डब्यात भाकरी आणली तर तो कँटीनच्या कोपऱ्यात पाठ करून खायचा. त्यावर कँटीनचा कडक चहा, डालड्यातले वडे आणि मऊ पाव. आमचे बाप शेतात भाकरी, कांदा, पालेभाजी खाऊन दिवसभर वाकून काम करायचे आणि पहाटे ओढ्याला जाऊन यायचे, त्यांना हे दुखणं ठाऊकच नव्हतं. आम्ही ते पगारासोबत मिळवलं.

लघाटे हे सगळ्यांना सांगत सुटले. पीठ चाळू नका. ज्वारी, बाजरी खा. शेपू, चाकवत, अंबाडी, जी पालेभाजी स्वस्त मिळेल ती रोज. मटकीला मोड आणा. पेरू बियांसकट खा. जेवणानंतर ताक. उठल्यावर तांब्याभर कोमट पाणी प्या, थोडं चाला आणि रोज ठरल्या वेळेला जाऊन बसा. होवो न होवो, वेळ चुकवू नका. जोर लावू नका, घाई करू नका. आणि मुख्य म्हणजे आलेली कळ दाबू नका. हे शेवटचं ते दोनदा सांगायचे.

आम्ही त्यांची नक्कल करायचो. नक्कल मी उत्तम करायचो.

कळ दाबू नका म्हणे! आमच्या शॉपमध्ये एकशे तीस माणसं आणि फोरमनच्या टेबलाशेजारी भिंतीवर चार खिळे. त्या चार खिळ्यांवर चार पितळी बिल्ले. संडासला जायचं तर बिल्ला घ्यायचा, बाकावर बसलेला कारकून नंबर आणि वेळ लिहिणार. दहा मिनिटांत बिल्ला परत खिळ्यावर. उशीर झाला की नावापुढे फुली, महिन्यात तीन फुल्या झाल्या की मेमो. संडास होते कंपाउंडच्या भिंतीला लागून, जायला तीन मिनिटं, यायला तीन. दारं अर्धीच, माणूस आत खरंच बसलाय की विडी ओढतोय हे बाहेरून दिसावं म्हणून. चारही बिल्ले गेलेले असले की उभं राहायचं. परत आलेल्याच्या हातातून बिल्ला घेताना तो ऊन लागायचा.

त्यामुळे शहाणा माणूस काय करायचा? पाणी पीत नव्हता. भट्टीसमोर घामानं सदरा पिळून निघायचा, वर कंपनी मिठाच्या गोळ्या द्यायची, पण पाणी प्यालं की बिल्ला मागावा लागतो, म्हणून घोटभरच प्यायचं. ही आमची युक्ती होती. नव्या माणसाला आम्ही पहिल्या दिवशी हीच शिकवायचो.

हिंदुराव आमच्या शॉपमधला सगळ्यात दांडगा गडी. खटावकडचा, तालमीत वाढलेला. तापलेला तुकडा तो असा फिरवायचा की बघत राहावं. त्याला चार चार दिवस होत नव्हतं. झालं की रक्त पडायचं. चेहरा ओढलेला, सतत चिडचिड, जेवण समोर आलं की ताट सारायचा. दापोडीला आमच्याच चाळीत राहायचा. सत्तर बिऱ्हाडं, सहा संडास, त्यातल्या दोनांना दारं नव्हती. एका आठवड्याला पहिली पाळी, दुसऱ्याला दुसरी, तिसऱ्याला रात्रपाळी. पोटाला कधी सकाळ झाली आणि कधी संध्याकाळ, काही कळायचं नाही.

एका रविवारी लघाटे सायकलवरून दापोडीला त्याच्या घरी आले. स्टाफमधला माणूस कामगाराच्या चाळीत येतो म्हणून सगळी चाळ दारात. हिंदुरावची बायको रंभावहिनी डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. लघाट्यांनी तिला विचारलं, "वहिनी, पीठ चाळता का?"

"व्हय, चाळते की. त्येंला पांढरीशिप्पट पोळी लागती."

"उद्यापासून चाळू नका. पोळी नको, भाकरी द्या." मग त्यांनी सगळी यादी सांगितली. घाई करू नका हे आलं तसं वहिनी हसली.

"घाई करू नगा म्हंता. भाईर धा जणं टमरेल घिऊन हुबी आसत्यात. दार वाजिवत्यात. आन् साडेसाला पाळी. घाई कुनी करायची न्हाई, सांगा की!"

लघाट्यांनी खिशातून लहान वही काढली आणि त्यात लिहून घेतलं. त्या दिवसापासून ते लिहीत गेले: कुणाचं नाव, कुठली पाळी, किती दिवसांनी, काय खाल्लं, पाणी किती. आम्हाला ती वही म्हणजे चेष्टेचा विषय.

चौऱ्याहत्तर साली हिंदुरावचा हात भाजला. हात बरा होईपर्यंत दोन महिने त्याला स्टोअरमध्ये जनरल पाळीला बसवलं, सकाळी आठ ते पाच. लघाट्यांनी ही संधी साधली. हिंदुराव पहाटे उठून पाणी प्यायचा, नदीच्या पुलापर्यंत चालून यायचा, पहिल्या पाळीची गर्दी ओसरली की सातच्या सुमाराला निवांत जाऊन बसायचा. मग न चाळलेल्या पिठाची भाकरी, अंबाडीची भाजी, ताक. स्टोअरमध्ये बिल्ला नव्हता. तिथली माणसं स्टाफचा संडास वापरायची. पहिला आठवडा पोटात वारा धरला म्हणून त्यानं लघाट्यांना शिव्या दिल्या. तिसऱ्या आठवड्यात तो कँटीनमध्ये उभा राहून सगळ्यांसमोर म्हणाला, "काय सांगू राव, जलमल्यापासनं एवढं हलकं वाटलं न्हवतं. रोज हुतंय. रोज!"

शॉप हसून लोळलं. पण दुसऱ्या दिवशी डब्यांत भाकरी दिसायला लागली. पाठ करून खायचं थांबलं. रक्त पडायचं बंद झालेली, औषध सुटलेली अशी पंचवीस-तीस माणसं मीच मोजून दाखवीन. त्यातला एक मी. लघाटे त्या दिवसांत सायकलवर शीळ घालत यायचे. तेवढेच काय ते त्यांचे सुखाचे दिवस.

हात बरा झाला आणि हिंदुराव परत हॅमरवर आला. पाळ्या परत फिरू लागल्या. आता खरी गंमत झाली. पोट पूर्वी मेल्यासारखं पडलेलं असायचं. आता भाकरी, भाजी खाऊन ते जागं झालेलं. कळ यायची, पण सकाळी दहाला, शॉपमध्ये. आणि खिळे मोकळे. बिल्ला मिळेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं जायची, कळ जिरायची, मग तिथं जाऊन बसलं तरी काही नाही, नुसती फुली. आधी होत नव्हतं म्हणून त्रास, आता होत असताना दाबायचं म्हणून त्रास. चार महिन्यांत हिंदुराव होता तिथं आला, उलट आणखी वाईट. तो दवाखान्यात जाऊन लघाट्यांना म्हणाला, "कंपाउंडर, तुमचं औषीद खरं हाय. पर त्ये भितीवरच्या खिळ्याला टांगलंय."

लघाट्यांनी मॅनेजरसाहेबांना अर्ज लिहिला. चांगला चार पानी. आहार काय, पाणी का, आणि माणसाला लागेल तेव्हा जाऊ दिलं नाही तर हे सगळं कसं फुकट जातं. बिल्ले काढावेत, निदान ज्यांना त्रास आहे त्यांना कायम एका पाळीत ठेवावं. वहीतले आकडेही नावं न देता जोडले. सहा महिने उत्तर नाही.

मग पंचाहत्तर साल उजाडलं आणि आणीबाणी आली. जिकडे तिकडे शिस्तीचे फलक. आमच्या लेबर ऑफिसरला फलक कमी पडत होते, त्यानं लघाट्यांच्या अर्जातलं एक वाक्य उचललं. एका सोमवारी आम्ही आलो तर संडासांच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेलं: 'रोज सकाळी घरीच ठरल्या वेळी शौचास जावे. आरोग्य हीच शिस्त.' खाली लिहिलं होतं, 'दवाखाना'. आणि चार खिळ्यांपैकी दोन रिकामे. कामगारांनी घरूनच उरकून यावं असा दवाखान्याचा सल्ला असल्यामुळे प्रत्येक शॉपला यापुढे दोनच बिल्ले.

भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झाली. त्या दिवशी लघाट्यांच्या सायकलीच्या दोन्ही चाकांतली हवा गेली. कुणी सोडली ते मला माहीत आहे. लघाटे सायकल हातात धरून चिंचवडगावापर्यंत चालत गेले. त्यानंतर वर्षभर दवाखान्यात माणूस पट्टी बांधून घ्यायचा आणि तोंड फिरवून निघून जायचा. ते विचारायचे तो एक प्रश्नही त्यांनी विचारायचं सोडलं. त्यांनी नेमकं उलटं लिहिलं होतं, हे मला माहीत होतं. लघाट्यांनी दिलेली अर्जाची नक्कल हिंदुरावनं मला दाखवली होती. पण आणीबाणीत कोण तोंड उघडणार? मी तर नाही उघडलं.

सत्त्याहत्तरला आणीबाणी उठली, युनियनला जीव आला आणि आम्ही मागण्यांची सनद तयार करायला घेतली. मी सेक्रेटरी. एका संध्याकाळी लघाटे माझ्या घरी आले. स्टाफच्या माणसानं युनियनच्या सेक्रेटरीच्या घरी यायचं म्हणजे नोकरीशी खेळ. ते खुर्चीत बसले नाहीत, उभेच राहिले.

"मारुतराव, एकच मागणी घाला. बिल्ले बंद करा आणि संडास वाढवा. बाकी तुम्हाला काय मागायचं ते मागा." त्यांनी वही पुढे केली. "यात नऊ वर्षांचं आहे. दोनशे अकरा माणसं. हिंदुरावांचं बघा, शेवटची चार पानं. मला त्यांची भीती वाटते. मूळव्याधीची नाही, आतड्याची. पोट फुगतं, आठ आठ दिवस जात नाही. हे असंच राहिलं तर एक दिवस गंभीर होईल."

"घालतो की," मी म्हणालो.

"आणि वही नेऊ नका. आकडे उतरवून घ्या आणि मला परत द्या. माझं अक्षर सगळे ओळखतात."

मी हो म्हणालो. मागणी घातलीही, सतराव्या नंबरावर. आकडे उतरवायचे मात्र राहिले. आज करू, उद्या करू. दोनशे अकरा नावं कोण उतरवत बसणार?

बोलणी सुरू झाली. टेबलाच्या पलीकडे मॅनेजर, लेबर ऑफिसर, कंपनीचे वकील आणि टिपणं घ्यायला चारुलता नावाची टायपिस्ट मुलगी. अलीकडे आम्ही पाच जण. महागाई भत्ता, बोनस, गणवेश, बूट. तीन दिवस घासाघीस. तिसऱ्या दिवशी दुपारी सतरावी मागणी आली. लेबर ऑफिसरनं कागद डोळ्यांसमोर धरला आणि कीर्तनकारासारखा सूर लावून वाचली. 'शौचास जाण्याच्या बिल्ल्यांची पद्धत बंद करावी.' मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, "काय सेक्रेटरी, युनियन आता इथपर्यंत पोचली?"

मॅनेजर हसला. वकील हसला. माझ्या शेजारचे दोघे खाली बघून हसले. टायपिस्ट मुलीनं मान खाली घातली, तिचे कान लाल झाले. मी वही टेबलावर ठेवली होती, उघडली नव्हती. माझं तोंड तापलं. भत्त्यासाठी मी टेबलावर मूठ आपटली होती, बुटांसाठी उठून दाराकडे निघालो होतो. इथं मला वाटलं, बाईमाणसासमोर हा शब्द घेऊन मी भांडू? अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात, तसं झालं. आणि मी पण हसलो.

"राहू द्या ते साहेब," मी म्हणालो, "पुढं चला."

पुढे गेलो. त्या मागणीच्या बदल्यात काही पदरात पाडून घेतलं असतं तरी एक गोष्ट होती. तेही नाही. तिच्यावर फुली मारायला मला एक मिनिट लागलं नाही.

तह झाला, गुलाल उधळला, मला खांद्यावर घेऊन गेटपर्यंत नेलं. वही टेबलावरच राहिली. दुसऱ्या दिवशी आठवण झाली तेव्हा ती लेबर ऑफिसरच्या कपाटात होती. अक्षर ओळखायला त्याला अर्धा तास पुरला. दवाखान्यातली गुपितं बाहेरच्या माणसाला पुरवली, असं कारण दाखवून लघाट्यांना महिन्याच्या आत काढलं. ते युनियनचे सभासद नव्हते, त्यामुळे त्यांच्यासाठी भांडणं आमच्या कामात बसत नाही, असं मी कमिटीत सांगितलं. नियमाप्रमाणे ते बरोबर होतं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर हिंदुराव दुसऱ्या पाळीत भट्टीसमोर पोट धरून बसला. नऊ दिवस झालं नव्हतं. पोट नगाऱ्यासारखं ताठ, उलट्या सुरू. पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. आतड्याला पीळ पडून ते काळं झालं होतं, तो भाग कापून टाकला आणि पोटाला बाजूनं वाट काढून पिशवी बांधली. सर्जन म्हणाले, "वर्षानुवर्षं साठत गेलं की आतडं सैल होतं, मग पीळ पडू शकतो. पण यालाच अमुक एक कारण असं सांगता येत नाही." त्यांना सांगता येत नसेल. मला येतं.

तीन महिन्यांनी मी भेटायला गेलो. खांद्यांची हाडं वर आलेला तो दांडगा गडी खाटेवर बसला होता. खोलीत वास होता, रंभावहिनी उदबत्ती लावत होती. तो म्हणाला, "बरं हाय मारुतराव. आता कळच येत न्हाई. कुनाला काय मागाया लागत न्हाई." आणि हसला. मी त्या हसण्याकडे बघू शकलो नाही. दुसऱ्यांदा पीळ पडला एकोणऐंशीच्या शिमग्यात, तेव्हा ऑपरेशनच्या टेबलावर घ्यायलाही वेळ मिळाला नाही. रंभावहिनी दापोडीतच राहिली, चार घरची धुणीभांडी करते. रस्त्यात दिसली की 'भावजी, बरं हाय का?' म्हणून विचारते. मी मान हलवतो.

ब्याऐंशी साली कंपनीत नवा मॅनेजर आला, मुंबईचा, तरुण. पहिल्या आठवड्यात शॉपमधून फिरताना त्यानं बाकावर बसलेला कारकून बघितला. "हा माणूस काय करतो?" फोरमननं सांगितलं. "दिवसभर एवढंच? याला डिस्पॅचला पाठवा, तिथं माणूस कमी आहे." कारकून डिस्पॅचला गेला. लिहायला कुणी नाही म्हटल्यावर बिल्ले कशाला? त्याच दुपारी सुतारानं खिळे उपसून काढले. सगळ्या शॉपचे, जेवणाच्या सुट्टीआधी. कुणी मागितलं नव्हतं, कुणी सह्या केल्या नव्हत्या, कुणी हसलंही नाही. महिन्याअखेर उत्पादन एका नगानंही कमी झालं नाही.

मला वाटलं, ही बातमी लघाट्यांना सांगायला पाहिजे. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. पाच वर्षांत मी त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं. थेरगावात एका डॉक्टरांकडे ते औषधं बांधायला असतात असं कळलं होतं. गेलो. काउंटरमागे बसून ते कागदात पुड्या बांधत होते. केस पांढरे झाले होते, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मला ओळखलं. "या," म्हणाले.

मी सांगितलं. सगळं, सविस्तर. बाकावरचा कारकून, डिस्पॅच, सुतार. ते पुड्या बांधायचे थांबले.

"एका दुपारीत?"

"व्हय. जेवणाच्या सुट्टीआधी."

त्यांनी हातातली अर्धवट पुडी बाजूला सारली. मग म्हणाले, "मारुतराव, मी तुमच्यावर राग धरला नव्हता. नोकरी गेली तेव्हाही नाही, हिंदुराव गेले तेव्हाही नाही. माझी बायको पद्मजा तुमचं नाव काढलं की चिडायची, तिला मीच समजवायचो. म्हणायचो, एवढ्या मोठ्या कंपनीचा नियम तो, एकट्या माणसानं हलणार कसा? मारुतराव भांडले असते तरी हलला नसता." त्यांनी चष्मा काढला. "पाच वर्षं मी हेच धरून बसलो होतो. आणि आज तुम्ही येऊन सांगताय की तो नुसता काढायचा राहिला होता."

मी उठलो. दारापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"हे रंभावहिनींना सांगितलंत?"

"न्हाई."

"सांगू नका. त्यांना अजून वाटतं, नवऱ्याचं दुखणंच मोठं होतं."

मी आजपर्यंत सांगितलेलं नाही.